उचल, पासपोर्ट आणि जगाचा कायदा: मराठवाड्यातून कामाला बाहेर पडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वाड्या-तांडे ऊसतोडीसाठी रिकामे व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या, पत्र्याची पेटी, चार भांडी, कोंबड्या आणि वरती लेकरं. घरी म्हातारी माणसं आणि कुलूप. नांदेड, परभणी, छत्रपती संभाजीनगरकडची काही पोरं आखाती देशांचं विमान पकडतात. मी बीड जिल्ह्यात वकिली करतो. माझ्या आई-वडिलांनी अकरा हंगाम कोयता धरला. आईच्या उजव्या तळहातावरचा मुठीचा घट्टा अजून गेलेला नाही. लोक कोर्टाच्या आवारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात मला गाठून जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहिली आहेत.

कामासाठी परमुलखात जाणाऱ्यांसाठी जगाचा कायदा आहे म्हणतात. तो कोणता?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १८ डिसेंबर १९९० रोजी एक करार मंजूर केला. सर्व स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचं संरक्षण, असं त्याचं नाव. त्यात ९३ कलमं आहेत. पुरेशा देशांनी मान्यता द्यायला तेरा वर्षं लागली आणि १ जुलै २००३ पासून तो लागू झाला. १८ डिसेंबर हा जगभर स्थलांतरितांचा दिवस म्हणून पाळतात, तो याच करारामुळे.

करारात चांगलं पुष्कळ आहे. कामगाराचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र कुणी हिसकावून घेऊ नये किंवा फाडू नये. स्थानिक कामगाराला जेवढी मजुरी, तेवढीच बाहेरून आलेल्यालाही मिळावी. माणूस मरणाच्या दारात असेल तर त्याचे कागद बघत न बसता आधी उपचार करावेत. आईबापाकडे व्हिसा नाही म्हणून लेकराला शाळेतून परत पाठवू नये. घोळक्याने पकडून सरसकट हाकलून देऊ नये, प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासावं.

भारताने त्यावर सही केली आहे का?

नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. फिलिपिन्सने १९९५ मध्ये, श्रीलंकेने १९९६ मध्ये, बांगलादेशाने २०११ मध्ये आणि इंडोनेशियाने २०१२ मध्ये तो मान्य केला. ही आपल्यासारखीच माणसं बाहेर पाठवणारी राष्ट्रं. परदेशातून घरी येणाऱ्या पैशात भारत जगात पहिला आहे, तरी आपण त्या यादीत नाही. जिथे आपली पोरं जातात त्या सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन यांपैकीही कुणी त्यात नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम युरोपातले श्रीमंत देशही बाहेरच आहेत. ज्यांच्या घरी मजूर राबतो त्यांनीच पाठ फिरवली, ही या कराराची मोठी अडचण आहे. आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १९४९ आणि १९७५ चे स्थलांतरितांविषयीचे दोन करारही भारताने स्वीकारलेले नाहीत.

डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात २३ उद्दिष्टांचा एक जागतिक मसुदा मान्य झाला आणि त्याच महिन्यात आमसभेत भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. पण त्याने कुठलाच देश बांधला जात नाही.

आम्ही बीडहून कोल्हापूरला ऊस तोडायला जातो. आम्ही त्या १९९० च्या करारात बसतो का?

बसत नाही. दुसऱ्या देशात, म्हणजे आपण जिथले नागरिक नाही तिथे काम करणारा, अशी त्यातली स्थलांतरिताची व्याख्या आहे. तुम्ही कोल्हापूर-सांगलीला जा नाहीतर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला जा, देश तोच राहतो.

पण इथे निराश होऊ नका. तुम्हाला लागू पडणारे जगाचे कायदे आहेत, आणि ते भारताने रीतसर मान्य केलेले आहेत. वेठबिगारीविरुद्धचा आयएलओचा १९३० चा करार भारताने १९५४ मध्ये स्वीकारला. गुलामगिरी आणि तिच्यासारख्या प्रथांविरुद्धचा १९५६ चा पूरक करार १९६० मध्ये. नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांचा असे दोन मोठे करार एप्रिल १९७९ मध्ये. बालहक्कांचा १९९२ मध्ये, स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा १९९३ मध्ये. यांतला कुठलाच करार सीमा ओलांडली का म्हणून विचारत नाही. माणूस आहे एवढं त्यांना पुरतं.

मराठवाडा निजामी राजवटीतून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्याच सालच्या १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असं येणार होतं, ते बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावलं भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. फडातल्या, म्हणजे तोडणीच्या उसातल्या, बाईला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

उचल, म्हणजे कामाआधी आगाऊ पैसे, घेतली म्हणजे आम्ही बांधलेले का? टोळी जमवणारा मुकादम म्हणतो, ‘पैसे घेताना गोड लागले, आता काम करायला काय झालं?’

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पावसाळ्यात हात रिकामा असतो. लग्न, दवाखाना, बी-बियाणं, आधीच्या सावकाराचं देणं, काहीतरी असतंच. मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल देतो. समजा, ती एक लाख आहे. हंगामात तुमची जोडी रोज दोन टन ऊस तोडते आणि भाव टनाला ३६६ रुपये धरू. रोजचे झाले ७३२. एकशे दहा दिवसांचे ८०,५२०. म्हणजे पट्टा पडला, हंगाम संपला, तेव्हा १९,४८० अंगावर राहिले. त्यात चौदा दिवस ताप आला, बाळंतपण झालं, मर्तिकाला गावी जावं लागलं, त्याचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, दिवसाला पाचशेप्रमाणे सात हजार. कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीवर, किराणा आणि डॉक्टरसाठी वेळोवेळी उचललेले बारा हजार. वहीच्या शेवटच्या पानावर बाकी निघाली ३८,४८०. हीच बाकी पुढच्या साली तुम्हाला परत त्याच टोळीत ओढून नेते.

आता दिवसाकडे बघा. पहाटे चारला कोपीतून निघायचं, थंडीत पाचट ओलं असतं. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. गाडी रात्री दहाला आली तर रात्री दहाला भरायची. एवढ्या कष्टाचे एका माणसाच्या वाट्याला ३६६. आठ तासांच्या सरकारी किमान वेतनाशी हा हिशेब तुम्हीच ताडून बघा, आणि जादा तासांचं वेगळं धरा.

आगाऊ पैसे घेणं हा गुन्हा नाही, घेणाऱ्याचाही नाही आणि देणाऱ्याचाही नाही. १९५६ चा करार दोन प्रश्न विचारतो. कर्ज फेडण्यासाठी माणूस राबतो, तर त्याच्या कष्टाची वाजवी किंमत धरून ती कर्जातून वळती होते का? आणि काम किती दिवसांचं, कसल्या स्वरूपाचं, हे आधी ठरलेलं आहे का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर जगाचा कायदा त्याला कर्जाची गुलामगिरी म्हणतो. वरच्या वहीला हे दोन प्रश्न लावून पाहा. खाडा आपल्या मनाने लावलेला, भाव किमान वेतनाला न पोचणारा, आणि ‘बाकी फिटेपर्यंत यायचं’ हीच काय ती मुदत.

१९३० चा करार आणखी एक कसोटी देतो: कुठल्यातरी शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि आपखुशीचं नसलेलं काम. धाक म्हणजे मारच असला पाहिजे असं नाही. ‘तुझ्या पोराला इथे ठेव आणि पैसे घेऊन ये’, ‘आधार कार्ड माझ्याकडे राहू दे’, ‘गावात पाय ठेवू देणार नाही’, हे सगळे धाकच आहेत. आयएलओने वेठबिगारी ओळखण्याच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. फसवणूक, कागदपत्रं अडकवणं, मजुरी दाबणं, कर्जात जखडणं, बाहेर जाऊ न देणं, धमकी, अतोनात कामाचे तास या त्यांतल्या काही. आपल्याकडच्या कोपीत यातल्या किती भेटतात ते तुम्हीच मोजा.

पण मुकादम आमच्याच भावकीतला आहे. त्याच्यावर केस घालायची का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यात मला नेहमी अडचण दिसते आणि ती खरी आहे. बहुतेक मुकादम काल-परवापर्यंत स्वतः कोयत्यावर होते. त्यांनाही वरून वाहतूक ठेकेदाराची उचल असते. दोन मुकादमांकडून पैसे घेऊन तिसऱ्याच गाडीत बसणाऱ्या टोळ्याही मी पाहिल्या आहेत. अशा वेळी जमीन मुकादमाची विकली जाते. तोही या साखळीतलाच एक माणूस आहे.

म्हणून मी कागदावर मुकादमापाशी थांबत नाही. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, तोडणी-वाहतुकीचा करार वेगळ्या संस्थेशी आहे. पण ऊस कुणाच्या गव्हाणीत पडतो? २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. आपल्या मालाच्या पुरवठा साखळीत कुणाचे हक्क तुडवले जात असतील तर त्याची चौकशी करणं आणि ते थांबवणं ही उद्योगाचीही जबाबदारी आहे, असं ती सांगतात. ती सक्तीची नाहीत. पण साखरेचे मोठे खरेदीदार आता असे प्रश्न विचारू लागले आहेत, म्हणून अर्जात कारखान्याचं नाव असलंच पाहिजे.

असा परदेशातला करार आपल्या कोर्टात चालतो का? साहेब लोक म्हणतात, ‘युनोचं इथे सांगू नका.’

चालतो, फक्त तो थेट कलमासारखा चालत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढवावा असं राज्यघटनेचं कलम ५१ शासनाला सांगते. १९९७ च्या विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या जागतिक कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. तेव्हा त्यावर देशात कायदाच नव्हता. जिथे आपला कायदा गप्प आहे आणि करार घटनेच्या विरोधात जात नाही, तिथे करार वाचून घ्यायचा, ही रीत त्या निकालाने पक्की केली. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातही ‘मानवी हक्क’ या शब्दाच्या व्याख्येत आंतरराष्ट्रीय करार आले आहेत.

वेठबिगारीच्या बाबतीत तर घटनाच आपल्या बाजूने उभी आहे. कलम २३ वेठ आणि सक्तीच्या कामाला बंदी घालते. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीच सक्तीची मजुरी. पोटाची भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हा त्या निकालाचा गाभा. मी हे वाक्य फडावर सांगतो तेव्हा बाया माना हलवतात. त्यांना ते कोर्टाच्या आधीपासून माहीत असतं.

टोळी डांबून ठेवली आहे. आता लगेच काय करायचं?

आधी ११२ ला फोन करा. मग ज्या जिल्ह्यात माणसं अडकली आहेत तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या, आणि त्याची प्रत आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवा. अर्ज १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याखाली करतो असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘मजुरीचा वाद’ लिहिलं की तो अर्ज फिरत राहतो.

या कायद्यातल्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला पाठ करायला लावतो. पहिली, वेठबिगारीचं कर्ज आपोआप संपतं. ते वसूल करणं हाच गुन्हा होतो. दुसरी, हे वेठबिगारीचं कर्ज नाही असं सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं, मजुरावर नाही. ‘तुझ्याकडे पुरावा काय?’ असं कुणी दरडावलं तर कलम १५ दाखवा.

चौकशीनंतर मुक्ती प्रमाणपत्र मागून घ्या. पुढची सगळी मदत त्या एका कागदावर अवलंबून आहे. केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि बालकांना दोन लाख आणि अतिशय गंभीर प्रकरणात तीन लाख रुपयांची तरतूद आहे. पूर्ण रक्कम मात्र गुन्हा सिद्ध होण्याशी जोडलेली आहे, आणि हा त्या योजनेतला मोठा दोष आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि मजुराला पोट रोजचं आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि वेठबिगारीत सापडलेले यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन १५१००. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे मराठीतून, बिनपैशाची तक्रार करता येते. घटनेनंतर वर्षाच्या आत करा. फोन १४४३३.

राज्याबाहेर गेलो तर कायदा वेगळा असतो का?

असतो, आणि मराठवाड्याच्या माणसाला यातलं अंतर खूप टोचतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा होता. बेळगावला गेलात तर तो लागू, त्याच्या अलीकडच्या कोल्हापूरला गेलात तर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये हा कायदा विलीन झाला. ठेकेदाराशिवाय स्वतःहून गेलेला कामगारही आता त्यात धरला जातो आणि गावी ये-जा करण्याच्या खर्चाची तरतूद आहे. पण दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार असतील तिथेच, आणि सीमारेषा राज्याचीच. राज्यातल्या राज्यात सहा महिने घर सोडणारा कामगार अजूनही त्या व्याख्येबाहेर आहे. जगाच्या करारात देश ओलांडावा लागतो, देशाच्या कायद्यात राज्य ओलांडावं लागतं, आणि आमचा माणूस दोन्हीकडे बाहेर राहतो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने काढलं आहे, तिथे नोंदणी जरूर करा. पण महामंडळ हा काही कायदा नव्हे. ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र कायदा हवा, हे माझं ठाम मत आहे.

बायकांचे हक्क वेगळे आहेत का?

आहेत, आणि बीड जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ अशी भीती. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक केली गेली.

भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या स्त्रीहक्क करारात समान मजुरी, बाळंतपणातलं संरक्षण आणि आरोग्यसेवा यांची हमी आहे. त्यात ग्रामीण बाईसाठी चौदावं कलम खास आहे. राहण्याची जागा, शौचालय, पाणी यांचा हक्क त्यात शब्दशः लिहिलेला आहे. म्हणजे कोपीपाशी शौचालय मागणं ही विनवणी नाही, मान्य केलेल्या शब्दाची वसुली आहे.

आणखी एक गोष्ट. ‘एक कोयता’ म्हणजे दोन माणसं, पण वहीत नाव फक्त नवऱ्याचं. माझ्या आईचं नाव अकरा वर्षांत एकदाही कुठल्या वहीत आलं नाही. ज्या कारखान्याच्या उसात तिचं बोट तुटलं, तिथे भरपाई मागायला गेलो तेव्हा ‘ही बाई आमच्या यादीत नाही’ असं उत्तर मिळालं. उचल घेताना दोघांची नावं लिहायला लावा, दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

लेकरांची शाळा?

बालहक्क कराराचं २८ वं कलम शिक्षणाचं आणि ३२ वं बालमजुरीविरुद्धचं. आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्याहून स्पष्ट आहे: दाखला नाही म्हणून कुठलीही सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. निघण्याआधी गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि तिकडच्या जिल्हा परिषद शाळेत दाखवा. त्यापेक्षा मागे ठेवणं जमत असेल तर गावातलं हंगामी वसतिगृह किंवा २०२१ पासूनचं संत भगवानबाबा वसतिगृह बघा. मुलीला मात्र ‘धाकट्याला सांभाळायला’ म्हणून सोबत नेऊ नका. तिची शाळा तिथेच सुटते आणि पुढच्या दोन-चार वर्षांत लग्न लागतं.

आपल्याकडे कामाला येणाऱ्या परप्रांतीयांचं काय?

त्यांना हेच सगळे हक्क आहेत. ८ मे २०२० च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली ती माणसं जालन्याच्या स्टील उद्योगात कामाला होती. टाळेबंदीत काम बंद पडलं, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ती रुळारुळाने चालत निघाली आणि थकून तिथेच आडवी झाली. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. आमच्याकडचे लोकही अशाच भाकऱ्या फडक्यात बांधून निघतात, म्हणून ते चित्र इथल्या कुणाच्या डोळ्यापुढून हलत नाही.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरितांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांची नोंदणी आणि देशात कुठेही रेशन मिळण्याची सोय करण्याचे आदेश दिले. ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. तुमचं रेशन कार्ड कोल्हापुरातही चालतं, हे पुष्कळ टोळ्यांना अजून माहीत नाही. वाळूज असो की जालना, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बिहारी पोराला हे सांगा.

पोरगा दुबईला निघाला आहे. आधी काय बघायचं?

दहावी पास नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक’, असा शेरा असतो आणि आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जायला सरकारी मंजुरी लागते. ती १९८३ च्या कायद्याखाली, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते. एजंट त्या पोर्टलच्या यादीत नोंदलेला आहे का, ते आधी तपासा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. दीड लाख मागणारा तुमच्याकडून कामाच्या आधीच एक उचल करून घेतोय असं समजा. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो’ असं कुणी म्हटलं तर पोराला घरातून हलू देऊ नका. त्या व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे आणि तिथला कायदा त्यालाच आत टाकेल.

कराराची प्रत त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्या. पगार, तास, सुट्टी, राहण्या-खाण्याचा खर्च, परतीचं तिकीट बघा. प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाखांचा विमा असतो. हप्ता दोन वर्षांसाठी तीनशे रुपयांच्याही आत आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एक प्रत घरी ठेवा.

तिथे गेल्यावर मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला. आता?

भारतीय पासपोर्ट हा कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो. तुमच्या कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, त्यावर काडीचा हक्क नाही. आखाती देशांच्या स्वतःच्या नियमांतही पासपोर्ट अडकवायला मनाई आहे. भारतीय दूतावासात जा किंवा ‘मदद’ या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. अडचणीत सापडलेल्याचं तिकीट, निवारा, वकील, आणि वाईट प्रसंग ओढवला तर मृतदेह गावी आणण्यासाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो २००९ पासूनचा आहे. मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून नाव लक्षात ठेवा.

आंतरराष्ट्रीय दबावाने काय होतं त्याचं उदाहरण कतार. फुटबॉल विश्वचषकाआधी जगाची नजर तिकडे वळली, आयएलओकडे तक्रार गेली, आणि २०२० मध्ये जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा तिथल्या कामगाराला मिळाली. मार्च २०२१ पासून सर्वांना महिना एक हजार रियाल किमान वेतन लागू झालं. अंमलबजावणी कमी पडते अशा तक्रारी आहेतच. पण आपल्या पोराला मिळालेला तो नियम कुणीतरी जिनिव्हात, आयएलओच्या दारात, भांडून मिळवलेला आहे.

व्हिसा संपला, तो लपून राहतोय. त्याला काहीच हक्क नाहीत का?

केलेल्या कामाची मजुरी, जीव वाचवणारा उपचार, मारहाणीपासून संरक्षण आणि भारतीय दूतावासाची भेट हे हक्क कागद संपले म्हणून संपत नाहीत. काही देश अधूनमधून दंडमाफीची मुदत जाहीर करतात, ती साधून परत आणा.

थेट युनोला पत्र लिहिता येतं का?

येतं. एकेका व्यक्तीची तक्रार ऐकणाऱ्या समित्यांचा मार्ग आपल्याला बंद आहे, कारण भारताने त्यासाठीचे जादा करार मानलेले नाहीत. पण स्थलांतरितांच्या हक्कांसाठी १९९९ पासून आणि आधुनिक गुलामगिरीसाठी २००७ पासून विशेष प्रतिवेदक, म्हणजे युनोचे स्वतंत्र तज्ज्ञ, नेमलेले असतात. त्यांना कुणीही, कुठल्याही देशातून, फुकट लिहू शकतं. ते सरकारला पत्र लिहून खुलासा मागतात आणि ते पत्र पुढे सगळ्यांना वाचायला खुलं होतं. त्याने उद्या टोळी सुटत नाही, पण जिल्ह्याच्या फायलीवर धूळही बसत नाही. आयएलओकडे मात्र कामगार संघटनेमार्फतच जावं लागतं. संघटनेत का यावं, याचं मला सुचणारं हे एक रोकडं कारण.

आमच्याकडे काहीच कागद नाही. सगळं मुकादमाच्या वहीत आहे.

तर आपली वही करा. लेकरांची शंभर पानी चालेल. पहिल्या पानावर उचल किती, कुणाकडून, कुठल्या तारखेला, कोण साक्षीला, कोणता कारखाना, गाडीचा नंबर. मुकादम कोऱ्या बाँडवर सही मागत असेल तर देऊ नका. भरलेल्या बाँडचा मोबाईलवर फोटो काढा. मग रोज रात्री एक ओळ: तारीख, गट, किती टन, गाडी कधी भरली, काय उसने घेतलं. काट्याच्या पावतीचा फोटो. आजारी पडलात तर गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख. लिहिता येत नसेल तर सातवी-आठवीतल्या पोरीला फोनवर सांगा, ती घरी लिहील.

पाटोदा तालुक्यातल्या एका जोडप्याची अशी वही माझ्या टेबलावर आली होती. अक्षर मुलीचं, शाई तीन रंगांची, मधल्या काही पानांवर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याचा, हिरवा डाग. मुकादमाच्या वहीत एकवीस खाडे होते, हिच्या वहीत सहा. प्रांत साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकेक तारीख वाचायला घेतली. नवव्या तारखेला मुकादम म्हणाला, ‘राहू द्या साहेब, पोरीचं बरोबर आहे.’